सोड की रे, बरनू!

लॅब्रॅडॉरला वस्तू आणायला शिकवावी लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं, असं मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं. खरं आहे. 'आण' त्याच्या रक्तात आहे. 'दे' कुणाच्या रक्तात असतं ते मला बासष्टाव्या वर्षापर्यंत सापडलेलं नाही, आणि मी पस्तीस वर्षं पतसंस्थेत वसुलीला होतो.

मुलाची बदली झाली आणि त्याचा चौदा महिन्यांचा कुत्रा आमच्याकडे निपाणीला आला. नाव ब्रुनो. माझ्या आईला ते म्हणता येईना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो बरनू झाला. मुलानं हरकत घेतली, की त्याच्या कागदपत्रांवर ब्रुनो आहे. मी म्हटलं, बेळगावचंही 1 नोव्हेंबर 2014 ला कागदोपत्री बेळगावी झालं, म्हणून एसटीत चढणारी बाई 'एक बेळगावी द्या' म्हणते का? कागदावरचं कागदावर, तोंडातलं तोंडात.

तोंडातलं तोंडात हाच पुढे सगळ्या भानगडीचा मुद्दा ठरला.

सकाळी पेपर पडला की बरनू तो उचलायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना केवढं कौतुक! पण उचलून तो माझ्याकडे यायचा नाही, अंगणातल्या पेरूभोवती फिरायचा. मी मागं, तो पुढं. मी थांबलो की तोही थांबायचा, शेपूट हलवून 'दमला काय?' असं विचारायचा. कंपाउंडपलीकडे मेष्ट्रु राहतात, म्हणजे कन्नड शाळेतले निवृत्त हेडमास्तर. ते हातात चहाचा कप घेऊन हा कार्यक्रम रोज बघायचे. "नोड्री साहेब, आज तुमचे अकरा फेरे झाले." सातच फेऱ्यांत माणूस सात जन्मांचा अडकतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी हातात यायचा तो पेपर भिजलेला असायचा आणि नेमकं सीमाभागाचं पान फाटलेलं. मेष्ट्रु म्हणायचे, "ते पान एवीतेवी जुनंच असतंय की."

मग कुणीतरी सुभेदारांचं नाव सुचवलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे शहरात निवृत्त फौजी पुष्कळ. आमचे सुभेदार मात्र पायदळातले नव्हेत, कुत्र्यांतले. उभी नोकरी मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या कुत्र्यांबरोबर काढलेली. माणसांशी ते जरा कमीच बोलतात, आणि बोललेच तर एका वेळी एक शब्द.

फोनवर ते म्हणाले, "रविवारी डंबेल घेऊन या."

मी निपाणीच्या बाजारातून पाच-पाच किलोची लोखंडी जोडी घेतली. दुकानदारानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "बेतानं, काका" म्हणून पावती फाडली. रविवारी पहाटे बरनूला मागच्या सीटवर घालून तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, काकती असा पाऊणशे किलोमीटर गेलो. टिळकवाडीच्या मैदानावर मी ती जोडी गाडीतून उतरवली तेव्हा सुभेदार आयुष्यात पहिल्यांदाच असेल, सलग दोन वाक्यं बोलले. "कुत्र्यासाठी म्हटलं होतं. हे तुम्ही वापरा."

कुत्र्याचं डंबेल लाकडाचं असतं. मधे दांडी, दोन्ही टोकांना ठोकळे. दांडी सुळ्यांच्या मागं बसेल एवढी लांब हवी, आणि ठोकळे एवढे उंच, की जमिनीवरून उचलताना खालच्या जबड्याला माती लागू नये. युरोपातल्या कामकरी कुत्र्यांच्या परीक्षांत पहिल्या पायरीला 650 ग्रॅमचं, दुसरीला एक किलोचं आणि तिसरीला चक्क दोन किलोचं असतं. वर ते 650 ग्रॅमचं आणण्यासाठी मीटरभर उंचीचा अडथळा आणि 180 सेंटिमीटरची उतरती फळ्यांची भिंत दोन्हीकडून ओलांडायची. मी सुभेदारांना विचारलं, आपण कुठवर जायचं? ते म्हणाले, "तुमच्या सोफ्यापर्यंत."

आमच्या गल्लीतल्या सुतारानं ते पलंगाच्या जुन्या पायातून करून दिलं. देताना विचारलं, "वैनींनी सांगितलंय काय? लाटणं दोन्हीकडनं बंद कशाला?"

आता नीट आणणं म्हणजे काय, ते सांगतो. कुत्र्यानं डाव्या पायाशी बसायचं. तुम्ही डंबेल फेकायचं, त्यानं हलायचं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच सुटायचं, सरळ जायचं, एका झटक्यात उचलायचं, तसंच सरळ परत यायचं, तुमच्या पुढ्यात गुडघ्याला नाक लागेल इतकं जवळ बसायचं, तेही तिरकं नाही. तोंडातलं हलवायचं नाही, चघळायचं नाही, टाकायचं नाही. तीनेक सेकंद तसंच धरून ठेवायचं. तुम्ही म्हणालात की सोडायचं. मग वळून परत डाव्या पायाशी. दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मार्क गेले. हे वाचताना तुम्हाला घरातलं कुणी आठवलं असेल तर ती तुमची खासगी बाब.

आणि हे शिकवायचं उलटं. शेवटचं आधी. आधी 'सोड', मग 'धर', मग 'उचल', मग 'ये', आणि फेकणं सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. प्रत्येक नवी पायरी कुत्र्याला ओळखीच्या पायरीकडे नेते, म्हणजे तो जसजसा पुढं जाईल तसतसा त्याला आपला गाव जवळ आल्यासारखा वाटतो. मी मात्र पहिल्याच दिवशी फेकून बघितलं होतं. सुभेदार म्हणाले, "इंजिन नाही, आणि हॉर्न वाजवताय."

'धर'ला दोन महिने गेले. बरनू दांडी तोंडात घ्यायचा आणि लगेच चघळायला लागायचा. सुभेदारांनी मान हलवली, "मार्क जातात." मी म्हटलं, साहेब, हा राहतो कुठं ते बघा. निपाणी! तंबाखूच्या वखारींचं गाव. इथं तोंडात काही धरलंय आणि चघळत नाही असा एक माणूस मला दाखवा, मग आपण कुत्र्याकडे वळू. हंगामात वखारीच्या गल्लीतून सराव करत गेलो की आणखी वेगळी तऱ्हा. वाऱ्याबरोबर भुकटी आली की बरनू शिंकायचा, आणि शिंकताना डंबेल तोंडातून सुटून थेट गटारात. अख्ख्या प्रशिक्षणात त्यानं स्वखुशीनं काही सोडलं असेल तर ते एवढंच.

चघळू नये म्हणून त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवून शांतपणे 'धर' म्हणायचं असतं. आधी एक सेकंद, मग दोन, मग पाच. मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून हे करायचो. आई जपमाळ ओढत बघायची. एकदा म्हणाली, "तुझ्या बापाला असं शांतपणानं कधी सांगितलं नाहीस."

लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, जाळ्यातून निसटलेले मासे आणि दोऱ्या पाण्यातून काढून देणारे. पुढे इंग्लंडच्या शिकारी लोकांनी त्यांना पाडलेले पक्षी आणायला लावलं. पक्ष्याला दात लागला तर तो ताटात काय वाढणार? म्हणून मऊ तोंडाची जात. हा कुत्रा कच्चं अंडं न फोडता आणू शकतो म्हणतात. बरनूनंही अंडं आणलं. फोडलं नाही. तीन तास सोडलंही नाही.

'सोड' शिकवण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे अदलाबदल. ओढायचं नाही, ओढलं की कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि जबडा आणखी आवळतो. ओरडायचं नाही. त्याच्या तोंडातल्यापेक्षा चांगलं काही नाकासमोर धरायचं, तोंड उघडलं की 'सोड' म्हणायचं, आणि द्यायचं. आमच्याकडे उकडलेल्या अंड्याचा पाव तुकडा ठरला. तीन दिवसांत बरनूनं व्यवहार ओळखला. चौथ्या दिवशी मी चहा पीत बसलो होतो, तर तो टीव्हीचा रिमोट घेऊन आला, पुढ्यात नीट बसला आणि माझ्या खिशाकडे बघू लागला. अंडं दिलं. मग चष्म्याचं घर आलं. मग हिची पिशवी. मग दुधाचं झाकण, आईचा पानाचा डबा, वीजबिल. वसुलीची सवय असल्यामुळे मी वहीत मांडत गेलो. एका आठवड्यात एकोणीस वस्तू जमा, पाच अंडी खर्च, आणि डंबेल एकदाही नाही. त्याचं बरोबरच होतं. डंबेलसाठी अंगणात धावावं लागतं. रिमोट सोफ्यावरच असतो.

हिनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. "त्याला धंदा कळला. तुम्हाला पस्तीस वर्षांत कळला नाही."

मग भाषेचा प्रश्न आला, तो आमच्या भागात कशातही येतोच. सुभेदार म्हणाले, एका कामाला एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आम्ही मोजून बघितलं. मी 'सोड' म्हणतो, ही 'टाक' म्हणते, आई 'दे रे बाबा' म्हणते, मुलगा व्हिडिओ कॉलवर 'ड्रॉप इट' म्हणतो, आणि मेष्ट्रु कंपाउंडपलीकडून 'बिडु' म्हणतात. कुत्रं एक, आज्ञा पाच. रविवारी संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. मेष्ट्रुंनी कन्नडच्या बाजूनं अतिशय मुद्देसूद भाषण केलं. म्हणाले, "'बिडु' म्हणताना आधी ओठ मिटतात, मग सुटतात. शब्दच करून दाखवतो की! 'सोड'मध्ये दात दाबले जातात. तुम्ही दात दाबून सोड म्हणणार, तर तो कसा सोडेल?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात पलीकडच्या वखारीचा राखणदार बाहेर आला, 'बिडु, बिडु' ऐकून त्यानं खिशात हात घातला आणि कट्ट्यातली एक बिडी काढून मेष्ट्रुंपुढे धरली. मेष्ट्रुंनी चाळीस वर्षं व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेतलेत. ठराव मराठीच्या बाजूनं पास झाला.

'धर' ही आज्ञा मात्र या भागात शिकवावी लागत नाही. सीमावादावर महाजन आयोग 1966 साली बसला, 1967 ला अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि दोन्ही बाजूंनी दांडी अजून तशीच तोंडात आहे. इतकं चोख धरणं सुभेदारांनी मेरठलाही बघितलं नसेल.

मैदानावर आमच्याबरोबर एक मुधोळही यायचा. मुधोळ हाउंड म्हणजे आपल्या दख्खनचा कुत्रा, जवळच बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा. त्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निगुतीनं वाढवली, आणि पंचम जॉर्जला जोडी भेट दिल्याचं सांगतात. घोरपडे हे नावच घोरपडीवरून आलेलं, जी एकदा भिंतीला चिकटली की सुटत नाही म्हणतात. आता अशा घराण्याच्या कुत्र्याकडून 'सोड'ची अपेक्षा करावी का? 2005 ला त्याच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, 2016 ला त्याची पिल्लं सैन्यात दाखल व्हायला मेरठला गेली, 2020 ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. हा कुत्रा नजरेनं शिकार करतो. मालकानं डंबेल फेकलं की तो त्याच्याकडे बघायचा, मग क्षितिजाकडे बघायचा, तिथं ससा नाही याची खात्री करायचा आणि पुन्हा मालकाकडे बघायचा, की हे लाकूड पळतंय का? मग मी पळू कशाला? मालक अभिमानानं सांगायचा, "आमचा आणत नाही बघा. आमचा धरतो."

बरनू पळायचा, पण भलतीकडे. त्यावर उपाय असा, की आपण त्याच्या मागं लागायचं नाही, उलट त्याच्यापासून लांब पळायचं. मग तो आपल्या मागं येतो. सुभेदारांनी मला मैदानावर उलटं पळायला लावलं. बासष्ट वर्षांचा, गुडघ्यात वाळू असलेला माणूस टाळ्या वाजवत, 'ये बरनू, ये बरनू' म्हणत मागं मागं पळतोय. तिकडे पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत होती. मी उलट्या पावली सरळ त्यांच्या स्टंपांवर गेलो. बॅट्समननं ओरडून विचारलं, "काका, हा रनआउट कुणाचा?" एवढ्यात बरनूनं डंबेल टाकलं आणि त्यांचा बॉल उचलला. त्यांनी पळून सात धावा काढल्या. बॉल मिळाला तेव्हा तो बॉल राहिलेला नव्हता.

फेब्रुवारीत परीक्षा ठरली. परीक्षा म्हणजे काही नाही, सुभेदारांचे तीन-चार विद्यार्थी, त्यांचे मालक, आणि कट्ट्यावर पाय मोकळे करून बसलेले फिरायला येणारे लोक. त्या दिवशी एकादशी निघाली. आमच्याकडे एकादशीला अंडं उकडत नाहीत, त्याच पातेल्यात रताळी उकडतात. बेळगावची रताळी नावाजलेली, लांबलांबच्या बाजारात जातात. ही म्हणाली, कुत्र्याला काय कळतंय, गोडच लागतंय. मी खिशात रताळ्याच्या फोडी घेऊन गेलो.

बरनू माझ्या डाव्या पायाशी बसला. मी डंबेल फेकलं, तो हलला नाही. 'आण' म्हटलं, बाणासारखा सुटला. एका झटक्यात उचललं. सरळ परत आला, पुढ्यात नीट बसला, नाक गुडघ्याला. चघळणं नाही. मैदानावर सगळे गप्प. सुभेदारांच्या मिशीचं एक टोक वर गेलेलं मी पहिल्यांदा बघितलं. एक, दोन, तीन सेकंद.

मी म्हटलं, "सोड."

त्यानं माझ्या खिशाकडे बघितलं. वास घेतला. मी रताळ्याची फोड पुढे केली. त्यानं ती हुंगली आणि तोंडात डंबेल तसंच धरून मान बाजूला वळवली. सत्यनारायणाच्या पूजेला गेलेल्या माणसाला प्रसादाऐवजी खडीसाखर मिळाली की त्याचा चेहरा होतो, तसा. "सोड की रे, बरनू," मी हळूच म्हटलं. दुसरी आज्ञा. मार्क गेले.

मग तो उठला. आपणहून कट्ट्यापाशी गेला, तिथं काढून ठेवलेल्या चपलांच्या रांगेसमोर उभा राहिला, डंबेल खाली ठेवलं, विचार केला, एक कोल्हापुरी चप्पल उचलली आणि सरळ रेषेत परत येऊन माझ्यापुढे बसला. नाक गुडघ्याला. चघळणं नाही. त्याच्या मते पाव अंड्याला डंबेल स्वस्त होतं, चप्पल कदाचित चालेल.

चप्पल कुणाची ते कळेना. कट्ट्यावरचे सगळे मघाशीच हसत हसत उठून गेले होते, आणि उघड्या पायानं गेलेला कुणी असला तर तो लाजून गेला असावा. मी 'सोड' म्हटलं. सुभेदारांनी म्हटलं. मुधोळच्या मालकानंही म्हटलं. बरनू चप्पल तोंडात घेऊन गाडीत बसला. हत्तरगीला धरलेली, संकेश्वरला धरलेली, आणि तवंदी घाट उतरताना झोप लागली तेव्हा सुटली.

घरी मेष्ट्रुंनी ती उलटी करून तळ बघितला. "ही अथणीची. आमची." मी म्हटलं, कापशी घाट आहे, कापशी इथं कागल तालुक्यात, आमची. 2019 ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून, चार इकडचे, चार तिकडचे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून दोन्ही राज्यांनी मिळून धरलेली एवढी एकच वस्तू मला माहीत आहे, आणि ती पायातली आहे. 2025 ला इटलीच्या प्राडानं ती उचलून मिलानच्या फॅशन शोमध्ये नेली, कुठून आणली ते मात्र सांगितलं नाही. आरडाओरडा झाल्यावर म्हणाले, होय, कोल्हापुरीवरून घेतली. म्हणजे दुसरी आज्ञा द्यावी लागली. मार्क त्यांचेही गेले.

तर वाचकांना विनंती. बेळगावात, टिळकवाडीच्या मैदानावरच्या कट्ट्यापाशी, फेब्रुवारीतल्या एकादशीला सकाळी कुणाची डाव्या पायाची, आठ नंबरची, दुपट्टी अंगठ्याची कापशी चप्पल गेली असेल तर ती आमच्याकडे निपाणीला सुखरूप आहे. दात लागलेला नाही. उजवी दाखवून ओळख पटवावी आणि घेऊन जावी. येताना उकडलेलं अंडं आणावं. रताळं आणू नये.